आवळ्याच्या अर्काने सक्सिनेट डीहायड्रोजनेज ‘वाढते’, मॅलोनेट मात्र नीट अडवत नाही – चूक कुठे?

यकृत_प्रकल्प (बडोदे)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा शेवटच्या सत्राचा प्रकल्प करते आहे. विषय असा की बाहेरून दिलेल्या संयुगांमुळे यकृतपेशींतल्या ऑक्सिडेशनवर आणि त्यातल्या एन्झाइमांवर काय परिणाम होतो. मोजते आहे ते सक्सिनेट डीहायड्रोजनेज, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातले सक्सिनेटचे हायड्रोजन काढणारे एन्झाइम. निकाल विचित्र येत आहेत, म्हणून सगळे तपशील देते.

शेळीचे यकृत मटणाच्या दुकानातून आणते. ०.२५ मोलर सुक्रोज, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४ यात दहा टक्के होमोजिनेट करते. आधी ३,००० आरपीएमला १० मिनिटे आणि मग वरचा द्रव १०,००० आरपीएमला १० मिनिटे फिरवून मायटोकॉन्ड्रिया घेते. एन्झाइमसाठी पेलेट तीनदा गोठवून वितळवते.

एक मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये फॉस्फेट ५० मिलिमोलर पीएच ७.४, सक्सिनेट २० मिलिमोलर, डीसीपीआयपी (इलेक्ट्रॉन मिळाले की निळा रंग जाणारा रंजक) ५० मायक्रोमोलर, पीएमएस (त्याला इलेक्ट्रॉन पोचवणारा मध्यस्थ) ०.२ मिलिमोलर, केसीएन (पोटॅशियम सायनाइड) १ मिलिमोलर आणि प्रोटीन ४० मायक्रोग्रॅम. ६०० नॅनोमीटरला ओडी (प्रकाशाचे शोषण) बघते.

अडचणी:

१) सक्सिनेट न घालताही ओडी मिनिटाला साधारण ०.०१५ ने उतरते.
२) सक्सिनेट घातल्यावर पहिली तीन-चार मिनिटे वेग कमी असतो, मग वाढतो. कोणता उतार खरा मानायचा?
३) मॅलोनेट १ मिलिमोलर घातले तरी वेग जेमतेम ३० टक्क्यांनी कमी होतो. पुस्तकात तर हा जोरदार रोधक म्हटला आहे.
४) आवळ्याच्या पाण्यातल्या अर्काचे २० मायक्रोलिटर घातले की ओडी १.०५ वरून लगेच ०.६२ वर येते आणि नंतरचा वेगही ४० टक्के जास्त दिसतो. अर्क एन्झाइमला चालना देतो असे लिहावे का?
५) ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर (न गोठवलेला नमुना, सक्सिनेटवर) श्वसन-नियंत्रण गुणोत्तर (एडीपी असतानाचा ऑक्सिजन-खपाचा वेग भागिले एडीपी संपल्यावरचा) फक्त १.६ येते. अर्क घातला की ऑक्सिजन जास्त वेगाने खपतो. म्हणजे अर्क अनकपलर (श्वसन चालू ठेवून त्याची एटीपी बनण्याशी असलेली सांगड तोडणारा) आहे का?

अहवाल याच महिन्यात द्यायचा आहे. कृपया सविस्तर सांगावे.

निळा_रंग

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण ‘चालना देतो’ असे लिहिले तर ते चूक ठरेल.

डीसीपीआयपीचा निळा रंग जातो तो इलेक्ट्रॉन मिळाल्यामुळे. ते इलेक्ट्रॉन एन्झाइमकडून आले की थेट अर्कातून, हे रंगाला कळत नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल डीसीपीआयपीला एकास एक प्रमाणात क्षपित करते. फळातले क जीवनसत्त्व मोजण्याची जुनी पद्धत नेमकी याच अभिक्रियेवर उभी आहे. तुमच्या आकड्यांत मांडू. ओडी ०.४३ ने पडली, रंगाचा शोषण-गुणांक २१ प्रति मिलिमोलर धरला तर सुमारे २०.५ नॅनोमोल रंग गेला. म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाच्या हिशेबात केवळ ३.६ मायक्रोग्रॅम. क्युव्हेटमधला सगळाच रंग घालवायला ८.८ मायक्रोग्रॅम पुरते. आवळ्याच्या अर्काच्या २० मायक्रोलिटरमध्ये इतके असणे अगदी साहजिक आहे, शिवाय टॅनिनही हेच काम करते.

आता नंतरचा वाढलेला वेग. इथे माणूस हमखास फसतो, कारण मायटोकॉन्ड्रिया नसतील तर ही वाढ बरीचशी दिसत नाही आणि त्यामुळे ती एन्झाइमचीच वाटते. होते असे: ॲस्कॉर्बेट रंगाला इलेक्ट्रॉन देऊन डीहायड्रोॲस्कॉर्बेट होते. नमुन्यातले ग्लुटाथायोन त्याला परत ॲस्कॉर्बेट करते, आणि ही पायरी एन्झाइमशिवायही घडते. ते ॲस्कॉर्बेट पुन्हा रंग घालवते. चक्र फिरत राहते आणि सक्सिनेट डीहायड्रोजनेजचा त्याच्याशी काही संबंध नसतो. त्यातच पीएमएससुद्धा ॲस्कॉर्बेटकडून इलेक्ट्रॉन घेऊन रंगाला देते, म्हणून वेग आणखी वाढलेला दिसतो.

यावर उपाय एकच, चार क्युव्हेट शेजारी शेजारी लावा:

क) रंग, पीएमएस, अर्क, मायटोकॉन्ड्रिया नाहीत.
ख) तेच, मायटोकॉन्ड्रियासह, सक्सिनेट नाही.
ग) तेच, सक्सिनेट २ मिलिमोलर आणि मॅलोनेट २० मिलिमोलर.
घ) तेच, सक्सिनेट २ मिलिमोलर, मॅलोनेट नाही.

एन्झाइमचा खरा वेग म्हणजे ‘घ’ वजा ‘ग’. मॅलोनेटने थांबणारा भाग तेवढा सक्सिनेट डीहायड्रोजनेजचा, उरलेला सगळा रसायनाचा. अर्क नसलेली हीच चौकडी वेगळी चालवा आणि दोन्ही वजाबाक्यांची तुलना करा. पहिल्या मुद्द्यातला ०.०१५ चा उतारही याच वजाबाकीत निघून जातो. तो नमुन्यातल्या थायोल गटांमुळे आणि मागे राहिलेल्या सक्सिनेटमुळे येतो.

सुरुवातीची ओडी सगळ्या क्युव्हेटमध्ये सारखी हवी, हे विसरू नका. रंग हाही या अभिक्रियेचा एक सब्स्ट्रेटच आहे. अर्कामुळे तो ५० वरून ३० मायक्रोमोलरवर आला असेल तर दोन वेगांची तुलनाच होत नाही. अर्क घातल्यावर ओडी स्थिर होऊ द्या, रंग थोडा वाढवून १.० वर आणा, मगच सक्सिनेट घालून अभिक्रिया सुरू करा.

पीएचही तपासा. डीसीपीआयपी आम्लात गुलाबी पडतो आणि ६०० ची ओडी क्षपण न होताही खाली येते. आवळ्याचा अर्क आंबट असतो. ५० मिलिमोलर फॉस्फेट २० मायक्रोलिटर बहुधा सांभाळून घेईल, पण अंदाजावर न जाता मोठ्या आकारमानात तेच मिश्रण करून मीटरने पाहा. मॅलोनेट आणि सक्सिनेटचे साठे सोडियम क्षाराचे करा. आम्ल घेतले असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणून मगच वापरा.

अर्क स्वच्छ करायचा असेल तर दोन टप्पे आहेत. ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेजने क जीवनसत्त्व घालवता येते, पण हे तांब्याचे एन्झाइम सायनाइड आणि ॲझाइड दोन्हींनी बंद पडते, म्हणून ही प्रक्रिया केसीएन घालण्यापूर्वी वेगळ्या नळीत करा. टॅनिनसाठी १०० मिलिग्रॅम पीव्हीपीपीत (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी भुकटी) १ मिलिलिटर पाणी आणि १ मिलिलिटर अर्क घालून ४ अंशाला १५ मिनिटे ठेवा, ३,००० जीला (जी म्हणजे गुरुत्वाच्या पटीतले बल) फिरवा आणि वरचा द्रव घ्या. अर्क निम्मा पातळ झाला हे हिशेबात धरा. टॅनिन गेल्यावर परिणामही गेला, तर तो परिणाम बहुतेक टॅनिन प्रोटीनला चिकटल्याचा होता. असे टॅनिन कोणत्याही एन्झाइमला चिकटते, सक्सिनेट डीहायड्रोजनेजवर त्याचा विशेष रोख नसतो.

जाता जाता, हाच धोका एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून दाखवणारा रंजक) वापरणाऱ्यांनाही आहे. पेशी नसलेल्या माध्यमातही ॲस्कॉर्बेट आणि क्वेर्सेटिनसारखी पॉलिफेनॉल एमटीटीला जांभळे करतात, आणि त्यावरून ‘पेशी जास्त जगल्या’ असे लिहून टाकले जाते.

श्वसनसाखळी

वरच्या चौकडीशी पूर्ण सहमत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

सुरुवातीचा संथ उतार ऑक्झॅलोॲसिटेटमुळे आहे. वेगळ्या केलेल्या मायटोकॉन्ड्रियांत सक्सिनेट डीहायड्रोजनेजच्या बऱ्याच रेणूंच्या सक्रिय जागी ऑक्झॅलोॲसिटेट घट्ट बसलेले असते आणि ते फार हळू सुटते. तुम्ही सक्सिनेट घालता तेव्हा ते त्याला ढकलत राहते, म्हणून वेग मिनिटागणिक वाढत जातो. तुमचे दोन्ही उतार एन्झाइमचेच आहेत, फरक इतकाच की पहिल्या उतारात निम्मेशिम्मे एन्झाइम अजून झोपलेले असते. अशा वेळी रोधक तपासला तर रोध आणि जागे होणे यांची सरमिसळ होते.

यासाठी एन्झाइम आधी जागे करा. गोठवून वितळवलेला नमुना मिलिलिटरला २ मिलिग्रॅम प्रोटीन इतका ठेवा, त्यात १० मिलिमोलर सक्सिनेट घाला, ३० अंशाला १० मिनिटे ठेवा आणि मग बर्फात. या काळात रंग आणि पीएमएस घालू नका, केसीएन मात्र घाला. त्याने सक्सिनेट पुढे जळत नाही आणि नवे ऑक्झॅलोॲसिटेट तयार होत नाही. यातले २० मायक्रोलिटर एक मिलिलिटरमध्ये टाकले की तुमचे ४० मायक्रोग्रॅम झाले. आता रेषा पहिल्या मिनिटापासून सरळ यायला हवी. येत नसेल तर वेळ १५ मिनिटे करा.

हिशेब पडताळायला: मिनिटाला ०.०८४ ओडी म्हणजे ४ नॅनोमोल, ४० मायक्रोग्रॅम प्रोटीनने भागले की मिलिग्रॅममागे मिनिटाला १०० नॅनोमोल. यकृताच्या बऱ्या नमुन्याला साधारण याच घरातला आकडा शोभतो. दहाच्या आसपास आला तर नमुना गेला किंवा पीएमएस खराब झाले असे समजा. पीएमएस उजेडाने नासते. बाटली फॉइलमध्ये गुंडाळा आणि द्रावण त्या दिवशीचे त्याच दिवशी करा. पिवळा रंग हिरवट झाला की टाकून द्या.

आता मॅलोनेट. हा स्पर्धात्मक रोधक आहे आणि हे पहिल्यांदा नीट दाखवले क्वास्टेल आणि वूल्ड्रिज यांनी, १९२८ मध्ये. दोन कार्बॉक्सिल गट असल्याने तो सक्सिनेटच्याच जागी बसतो. पण मध्ये एकच कार्बन असल्याने त्याच्यातून दोन हायड्रोजन काढून दुहेरी बंध करता येत नाही, म्हणून जागा अडते आणि काम होत नाही. स्पर्धा असली की रोध किती, हे फक्त मॅलोनेटवर ठरत नाही, समोर सक्सिनेट किती आहे त्यावरही ठरते. उदाहरणापुरते सक्सिनेटचे केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग देणारे सक्सिनेटचे प्रमाण) ०.४ आणि मॅलोनेटचे केआय (रोधक एन्झाइमला किती घट्ट बसतो त्याचे माप, जितके कमी तितका घट्ट) ०.०४ मिलिमोलर धरा. मॅलोनेट १ मिलिमोलर असताना केएम २६ पट होऊन १०.४ होते. सक्सिनेट २० असेल तर वेग कमाल वेगाच्या ९८ टक्क्यांवरून ६६ वर येतो, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. तुमचे ३० टक्के इथेच आले! तेच सक्सिनेट २ मिलिमोलर ठेवले तर वेग ८३ वरून १६ टक्क्यांवर, म्हणजे रोध ८० टक्क्यांच्या आसपास. तुमचे मॅलोनेट चांगले आहे, फक्त तुम्ही त्याच्यासमोर सक्सिनेटची फौज उभी केलीत.

म्हणूनच ‘अमुक संयुगाने इतके टक्के रोध’ असे एकटे वाक्य अहवालात लिहू नका. सब्स्ट्रेट किती होता, हे त्याच ओळीत आले पाहिजे.

यावरून आणखी एक. १९३७ मध्ये क्रेब्ज आणि जॉन्सन यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूवर मॅलोनेट वापरून याच जागी रस्ता अडवला आणि ऑक्झॅलोॲसिटेट दिले, तरी सक्सिनेट साचले. मागचा रस्ता बंद असताना सक्सिनेट आले कुठून, याचे उत्तर एकच उरते: पुढून वळसा घालून. सायट्रिक आम्ल चक्राच्या पुराव्यातला हा फार मोठा दुवा आहे. संयुगांचा पेशीतल्या ऑक्सिडेशनवर परिणाम पाहताना विचार असाच करावा लागतो, आधी रस्ता कुठे अडला ते शोधायचे.

आणि त्यासाठीच एक सावधगिरी. पीएमएस डीहायड्रोजनेजकडून इलेक्ट्रॉन थेट उचलते, युबिक्विनोनच्या (श्वसनसाखळीतला पुढचा इलेक्ट्रॉन-वाहक) जागेपर्यंत ते पोचतच नाहीत. तुमचा अर्क किंवा टीटीएफए, कार्बॉक्सिनसारखे संयुग क्विनोनच्या जागी बसत असेल, तर पीएमएसच्या पद्धतीत तो अडथळा पुसट होतो किंवा दिसतच नाही. त्यासाठी पीएमएस काढा आणि डेसिलयुबिक्विनोन ५० मायक्रोमोलर घाला. दोन्ही पद्धतींत रोध सारखा आला तर अडचण सक्सिनेटच्या बाजूला आहे. फक्त दुसऱ्या पद्धतीत आला तर क्विनोनच्या बाजूला.

बर्फपेटी

पाचवा मुद्दा माझ्याकडे. गुणोत्तर १.६ असताना अनकपलिंगबद्दल काहीही बोलता येत नाही. ताज्या यकृताच्या मायटोकॉन्ड्रियांना सक्सिनेटवर ३ ते ५ मिळायला हवे. जे आधीच गळते आहे, त्याला अर्काने आणखी भोक पाडले की नाही हे कसे कळणार?

ताई, गळती बहुतेक दुकानातून प्रयोगशाळेत येईपर्यंतच होते. बडोद्यात मे महिन्यात ४२ अंश असताना पिशवीत आलेले काळीज (म्हणजे यकृत) अर्ध्या तासातही वाया जाते. रक्तपुरवठा थांबला की पेशीत कॅल्शियम वाढते, त्याने फॉस्फोलिपेज जागे होतात, ते पटलातून मेदाम्ले सोडवतात. आणि मेदाम्ले स्वतःच अनकपलर आहेत. म्हणजे तुम्ही अर्क घालण्याआधीच नळीत एक अनकपलर हजर आहे.

म्हणून दुकानदाराला आधी सांगून ठेवा आणि कापल्या कापल्या तुकडा घ्या. पित्ताशयाला सुरी लागलेला भाग अजिबात नको, पित्तक्षार साबणासारखे पटल विरघळवतात. सोबत ०.२५ मोलर सुक्रोज, १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, १ मिलिमोलर ईजीटीए असलेली थंड बाटली न्या. तुमच्या बफरमध्ये ईजीटीए नाही, ही मोठी उणीव आहे, कॅल्शियम तेच बांधते. तुकडे त्यात बुडवा आणि बाटली थर्माकोलच्या डब्यात बर्फात खोचा. काळीज थेट बर्फावर ठेवू नका. बाहेरचा थर गोठला तर मायटोकॉन्ड्रिया फुटतात, आणि वितळलेले गोडे पाणी लागले तरी फुगून फुटतात.

पोचल्यावर बफर रंगहीन होईपर्यंत तुकडे धुवा, हिमोग्लोबिन राहिले तर इलेक्ट्रोडवर आणि ओडीवर दोन्हीकडे लुडबुड करते. कात्रीने बारीक करा. होमोजिनायझर काचेचा आणि टेफ्लॉनच्या दांड्याचा, चार ते सहा फेऱ्या, सावकाश. दांडा वर ओढताना पोकळी होऊन बुडबुडे आले तर पटल फाटते. या टप्प्यावर बफरमध्ये ०.१ टक्का मेदाम्लरहित बोव्हाइन अल्ब्युमिन घाला, ते सुटी मेदाम्ले शोषून घेते. शेवटची धुलाई मात्र अल्ब्युमिनशिवाय करा, नाहीतर तेही प्रोटीनमध्ये मोजले जाईल. आणि लाउरी पद्धतीला सुक्रोज आणि ट्रिस चालत नाहीत, बाययुरेट किंवा ब्रॅडफर्ड घ्या.

आरपीएम लिहून काही कळत नाही, जी लिहा. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर ३,००० आरपीएम म्हणजे ८०० जी आणि १०,००० म्हणजे ९,००० जी, अगदी योग्य. त्रिज्या वेगळी असेल तर आकडे बदलतील. रोटर आदल्या रात्रीच शीतगृहात ठेवा. पेलेटच्या वर सैलसर फिकट थर दिसतो, तो फुटक्या आणि फुगलेल्यांचा असतो. थोडा बफर फिरवून तो ओतून टाका, तळाचा घट्ट तपकिरी भाग तेवढा घ्या. पेलेट उठवताना पिपेटचे टोक कापून रुंद करा किंवा मऊ कुंचला वापरा. तयार झाल्यापासून चार तासांत काम संपवा.

इलेक्ट्रोडवर: केसीएल १२० मिलिमोलर, पोटॅशियम फॉस्फेट ५, मॅग्नेशियम क्लोराइड २, हेपेस ५, ईजीटीए १, पीएच ७.२, तापमान ३० अंश. आधी डायथायोनाइटचे चिमूटभर कण टाकून शून्य ठरवा, मग चेंबर नीट धुवा. २५ अंशाला हवेने संपृक्त शुद्ध पाण्यात सुमारे २५८ मायक्रोमोलर ऑक्सिजन असतो. तापमान वाढले आणि क्षार घातले की तो कमी होतो, तेव्हा ३० अंशाला २५८ लिहू नका.

क्रम असा: मायटोकॉन्ड्रिया १ मिलिग्रॅम, रोटेनोन २ मायक्रोमोलर, सक्सिनेट ५ मिलिमोलर, एडीपी १५० नॅनोमोल. रोटेनोन (श्वसनसाखळीचे पहिले संकुल अडवणारे) इथे मुद्दाम आहे. ते नसेल तर सक्सिनेटपासून झालेले मॅलेट पुढे जळून ऑक्झॅलोॲसिटेट होते आणि तेच परत सक्सिनेट डीहायड्रोजनेजला अडवते. रोटेनोनने एनएडीएच साचते आणि ती वाट आपोआप बंद पडते. सक्सिनेटवर ऑक्सिजनच्या एका अणूमागे सुमारे १.५ एटीपी होतात, म्हणजे १५० नॅनोमोल एडीपी संपायला ऑक्सिजनचे सुमारे ५० नॅनोमोल रेणू लागावेत. एडीपी संपल्यावर रेषा स्पष्ट मोडली पाहिजे. मोडतच नसेल तर नमुना गळका. रेषा मोडते पण एडीपी असतानाचा वेगच कमी आहे, असे असेल तर १० मायक्रोमोलर सायटोक्रोम सी घालून पाहा. वेग लक्षात येण्याइतका वाढला तर बाहेरचे पटल फाटून सायटोक्रोम सी निसटले आहे.

आता अर्क. तो घातल्यावर ऑक्सिजन जास्त खपण्याची निदान तीन कारणे आहेत.

पहिले कारण, ॲस्कॉर्बेट आणि पॉलिफेनॉल लोह-तांब्याच्या अंशामुळे स्वतःच ऑक्सिजन खातात, मायटोकॉन्ड्रिया असोत वा नसोत. हे पाहायला रिकाम्या बफरमध्ये अर्क टाकून दहा मिनिटे रेषा घ्या. वेग दिसला तर दुहेरी आसवन केलेले पाणी वापरा आणि बफरमध्ये डीटीपीए (धातू बांधणारे संयुग) ०.१ मिलिमोलर घाला. ईडीटीए घालून भागत नाही, लोह त्यात बांधलेले असूनही अभिक्रियाशील राहते.

दुसरे, ॲस्कॉर्बेट सायटोक्रोम सीच्या वाटेने साखळीच्या शेवटच्या टोकाला इलेक्ट्रॉन देते. बाहेरचे पटल फाटले असेल तर हे जास्तच. ओळख अशी की ॲन्टिमायसिन (साखळी तिसऱ्या संकुलाशी अडवणारे) १ मायक्रोमोलर घातल्यावरही खप चालू राहतो आणि केसीएनने थांबतो.

तिसरे म्हणजे खरे अनकपलिंग. त्याची कसोटी: सक्सिनेट द्या, एडीपी द्या, मग ऑलिगोमायसिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घालून एटीपी सिंथेजचा रस्ता बंद करा. वेग खाली येईल. आता अर्क घाला. वेग वाढला, आणि ती वाढ ॲन्टिमायसिनने पूर्ण थांबली, तर प्रोटॉन दुसऱ्या वाटेने आत येत आहेत. अल्ब्युमिन ०.५ टक्का घातल्यावर वाढ परतली तर कारण मेदाम्ले. तुलनेसाठी डीएनपी (ओळखीचा अनकपलर) २० ते ५० मायक्रोमोलर वेगळ्या फेरीत घ्या.

अर्काने उलट वेग कमी केला, म्हणजे एडीपी असतानाच रेषा संथ पडली, तर एफसीसीपी (हाही अनकपलरच) ०.१ मायक्रोमोलरच्या पायऱ्यांनी वाढवत जा. वेग मोकळा झाला तर अडथळा एटीपी सिंथेज किंवा एडीपी वाहकात आहे. मोकळा झाला नाही तर श्वसनसाखळीत किंवा सक्सिनेट आत नेणाऱ्या वाहकात. एफसीसीपी हात सैल सोडून घालू नका, जास्त झाले की ते स्वतःच श्वसन दाबते आणि निष्कर्ष उलटा निघतो.

अर्काचे द्रावणही चेंबरच्याच तापमानाला आणा. फ्रिजमधले थंड द्रावण जास्त ऑक्सिजन घेऊन येते, रेषेत उसळी दिसते आणि तिच्यामागचा उतार परिणाम वाटू लागतो.

शेवटी धुणे, ज्याने सगळ्यात जास्त दिवस वाया जातात. रोटेनोन, ॲन्टिमायसिन, एफसीसीपी ही तेलकट संयुगे चेंबरच्या प्लास्टिकला आणि रबरी कड्याला धरून बसतात. पाण्याने धुऊन जात नाहीत. प्रत्येक फेरीनंतर ७० टक्के इथेनॉलने तीनदा, मग पाण्याने तीनदा. तरी शंका वाटली तर जुन्या मायटोकॉन्ड्रिया किंवा अल्ब्युमिनचे द्रावण दहा मिनिटे फिरवून टाकून द्या, ते चिकटलेले शोषून घेतात. दिवसाच्या दुसऱ्या फेरीपासून सगळेच नमुने ‘रोधले’ दिसू लागले तर दोष संयुगाचा नाही, कड्याचा आहे.

यकृत_प्रकल्प (बडोदे)

खूप खूप आभार. चौकडी लावली. अर्कासह ‘घ’ मध्ये मिनिटाला ०.११८, ‘ग’ मध्ये ०.०५१. अर्काशिवाय ‘घ’ ०.०८६ आणि ‘ग’ ०.०१६. म्हणजे खरा वेग अर्कासह ०.०६७ आणि अर्काशिवाय ०.०७०, फरक जवळजवळ नाहीच! चालना वगैरे काही नाही, हे समजले.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रयोगशाळेत केसीएन वापरायची भीती वाटते, सोडियम ॲझाइड घेतले तर चालेल का? आणि मॅलोनेटचा केआय काढायचा आहे, सक्सिनेट आणि मॅलोनेट किती किती घ्यावे?

निळा_रंग

वजाबाकी बरोबर आहे. तीन-तीन फेऱ्या करा, मग ०.०६७ आणि ०.०७० मध्ये फरक नाही असे ठामपणे लिहा. ‘परिणाम नाही’ हाही निकालच आहे.

ॲझाइड चालेल, तेही सायटोक्रोम ऑक्सिडेजला अडवते. ५ मिलिमोलर घ्या.

श्वसनसाखळी

डीसीपीआयपीच्या क्युव्हेटपुरते ॲझाइड चालेल, पण सरसकट नको. ॲझाइड एटीपी सिंथेजलाही, मुख्यतः त्याच्या एटीपी तोडण्याच्या क्रियेला, अडवते, त्यामुळे इलेक्ट्रोडवर एडीपीच्या फेरीत ते घातले की निकालाचा अर्थ लावणे अवघड होते. कॅटलेजही अडते. प्रकल्पात पुढे २४० नॅनोमीटरला हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन कॅटलेज मोजणार असाल तर नमुन्यात ॲझाइडचा अंशही नको. कॅटलेज मुद्दाम अडवायचे असेल तर अमिनोट्रायझोल आहे, पण तेही पेरॉक्साइड हजर असतानाच बसते, नुसत्या एन्झाइमवर नाही.

या प्रयोगात ॲन्टिमायसिन १ मायक्रोमोलर सगळ्यांत सरळ. इलेक्ट्रॉन तिसऱ्या संकुलापुढे जात नाहीत, आणि विषाची मात्राही नगण्य. एन्झाइम जागे करतानाही केसीएनऐवजी तेच घाला.

सायनाइडची भीती रास्तच आहे. हायड्रोजन सायनाइडचा पीकेए ९.२ आहे, म्हणजे पीएच ७.४ च्या बफरमध्ये घातलेले बहुतेक सगळे सायनाइड वायू होऊ शकणाऱ्या रूपात असते. साठा पाण्यात नको, पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये करा, फ्यूम हूडमध्ये उघडा, तोंडाने पिपेट कधीही नाही, आणि एकटे असताना काम नाही. उरलेले द्रावण आम्लाच्या बाटलीत गेले तर खोलीत वायू सुटेल. पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइट घाला, दुसऱ्या दिवसापर्यंत हूडमध्येच राहू द्या आणि प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या. ॲझाइडलाही आम्ल नको, आणि तांब्या-शिशाच्या नळातही ते ओतू नका, तिथे स्फोटक क्षार साचतात. डीएनपीची बाटली कोरडी पडू देऊ नका, कोरडे डीएनपी स्फोटक असते.

सायनाइड वापरलेच तर त्याची एक खोड लक्षात ठेवा. पायरुव्हेट, अल्फा-कीटोग्लुटारेट, ऑक्झॅलोॲसिटेट यांच्या कीटो गटाशी ते जोडले जाते आणि हळूहळू निकामी होते. असे सब्स्ट्रेट असताना दहा मिनिटांनी श्वसन परत सुरू झालेले दिसते, आणि ‘अर्काने सायनाइडचा परिणाम उलटवला’ असा भलताच निष्कर्ष निघतो. सायनाइड तांबेही बांधते, त्यामुळे अर्काचे आपोआप होणारे ऑक्सिडेशनही थोडे मंदावते. अर्काच्या ऑक्सिजन खपाचे नियंत्रण म्हणून फक्त सायनाइडवर विसंबू नका, रिकाम्या बफरची फेरी घ्याच.

केआयसाठी: सक्सिनेट ०.४, ०.८, १.६, ३.२ आणि ८ मिलिमोलर. मॅलोनेट ०, ०.०५, ०.१ आणि ०.२ मिलिमोलर. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, पहिल्या दोन मिनिटांचाच उतार. मॅलोनेटचे सगळे आलेख कमाल वेगाच्या एकाच बिंदूवर मिळाले पाहिजेत. मिळाले नाहीत तर एन्झाइम पुरते जागे झालेले नाही किंवा पीएच हलला आहे. व्यस्तांकांचा आलेख चित्रापुरता काढा, आकडे मात्र थेट वक्र जुळवून घ्या, कारण व्यस्तांकात सगळ्यांत कमी सक्सिनेटच्या बिंदूची चूक सगळ्यांत मोठी होते आणि रेषा तीच ओढते.

आणि एक चूक इथे हमखास होते. जागे केलेल्या नमुन्यात १० मिलिमोलर सक्सिनेट आहे. त्यातले २० मायक्रोलिटर एक मिलिलिटरमध्ये गेले की ०.२ मिलिमोलर सक्सिनेट तुम्ही न मोजताच आत आलेले असते. ०.४ च्या क्युव्हेटमध्ये प्रत्यक्षात ०.६ असते. हे ०.२ सगळीकडे मिळवून मगच अक्षावर आकडा मांडा.